हरीसायबाची तीन पानं

‘पुढे एका कोळ्यांच्या गावात, ज्याचं नाव आता मला आठवत नाही, मी आजारी पडलो,’ असं दोनशे अकराव्या पानावर छापलेलं होतं. जानकीने ते वाक्य कन्याशाळेच्या शिक्षकांच्या खोलीत, मधल्या सुट्टीत, निवत चाललेल्या चहासमोर वाचलं, आणि प्रथम तिला वाटलं की आपल्यालाच इंग्रजी नीट लागत नाहीय. तिने ते पुन्हा वाचलं. त्यात अवघड असा एकही शब्द नव्हता. तिच्या वर्गातली कुठलीही मुलगी उभी राहून त्याचा अर्थ सांगू शकली असती. नाव आठवत नाही. एकोणीस दिवस हा माणूस आपल्या पडवीत पडून होता, आणि त्याला गावाचं नाव आठवत नाही! बरं, कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. त्याच्या मेणकापडात गुंडाळलेल्या वहीत तिनेच ते ठळक इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं होतं, शेवटच्या ‘ण’ला जीभ कुठे लावायची ते दाखवलं होतं, आणि तापातून उठलेला तो हाडकुळा माणूस ‘मालवण’ हा शब्द तीनदा चुकीचा म्हणून आईकडे बघत हसला होता. आई म्हणाली होती, "ऱ्हवांदे गो, तेची जीभ अजून तापातसून बाहेर येवक नाय." हे काही जानकीने त्याला सांगितलं नव्हतं. तो आजारी, त्यात पाहुणा. कशाला सांगायचं, असं तेव्हा तिला वाटलं होतं. आता सहा वर्षांनी, घंटा झाली तरी ती जागची उठली नाही, आणि चहावर साय धरेपर्यंत त्या एका ओळीकडे बघत राहिली.

पुस्तक आलं होतं मुंबईहून. गोदीत कामाला असलेला तिचा मावसभाऊ शंकर फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी थांबला असताना त्याला एका वेष्टनावर सामानाने लादलेली सायकल दिसली, सायकलीशेजारचा माणूस त्याने ओळखला, आणि पुस्तक विकत घेऊन बुकपोस्टाने पाठवून दिलं. आत चिठ्ठी होती: ‘आपलो हरीसायब! तुमचां नाव आतमध्ये आसतलांच. बघून कळवा.’ हॅरल्ड हे नाव जानकीच्या आईला, काशीबाईला, काही केल्या जमेना. तिने दुसऱ्याच दिवशी त्याचा हरी केला आणि गावाने त्याला सायब जोडला. सत्तावन्न साली तो इंग्लंडातून सायकलवर निघून, फ्रान्स, युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान, इराण असा वर्षभर रस्ता तुडवत हिंदुस्थानात उतरला होता आणि त्याला ऑस्ट्रेलियाला पोचायचं होतं. गोव्याची हद्द तेव्हा बंद होती. गोऱ्या माणसाला सोडतील या आशेने तो रेडीच्या पुढे नाक्यापर्यंत गेला, तिथून त्याला परत लावलं, आणि मुंबईची आगबोट धरावी म्हणून उलटा मालवणात आला तो धक्क्यावरच कोसळला. जानकीचा धाकटा भाऊ गुरुदास धक्क्यावर तिकिटं द्यायच्या कामाला होता. त्याने त्याला बैलगाडीत घातलं, सायकल गाडीला मागे बांधली आणि सरळ घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, मुदतीचा ताप. काशीबाईने कोण, कुठला, किती दिवस, असलं काही विचारलं नाही. ती म्हणाली, "पडवीत घाला तेका. थंय वारो आसा."

त्या पडवीचं पुस्तकात काय झालं होतं? ‘मला घरात घेतलं नाही. वासराला बांधत त्या ओट्यावर माझी व्यवस्था होती.’ जानकीला वाचता वाचता हसू आलं, आणि त्या हसण्याचीच तिला चीड आली. वासरू होतं, खरं आहे. पण त्याच पडवीत, त्याच्या उशाशी चटई टाकून तिची साठीची आई एकोणीस रात्री निजली होती, हे त्याला दिसलं नव्हतं की काय? कपाळावरच्या पट्ट्या कोण बदलत होतं? घाण झालेली त्याची चादर आणि पायजमा बावीवर नेऊन कोण धूत होतं? शेजारच्या आनंदीबाईने त्यावरून आपल्या बायामाणसांना या बावीवर पाणी भरायला पाठवणं बंद केलं, मग तिचं बघून आणखी दोन घरांनी. काशीबाई नुसती म्हणाली, "बरां झालां, बाव वायच विश्रांती घेतली." ‘म्हातारीने भुतं काढण्यासाठी मिरच्या जाळल्या, त्यात मी जवळजवळ संपलोच होतो.’ दृष्ट काढली होती तिने, मीठमिरच्यांची, पोटच्या पोराची काढावी तशी. ‘शेवटी माझी मूळची काटक प्रकृती आणि मी बरोबर आणलेल्या गोळ्या यांनी मला तारलं.’ गोळ्या! त्याच्या गोळ्यांच्या डबीत पाणी शिरून लगदा झाला होता. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध गुरुदास दर तिसऱ्या दिवशी कुडाळहून आणायचा, मिळेल त्या मालट्रकच्या टपावर बसून. जानकी ओळीवर बोट ठेवून वाचत होती, तशी तिला सवय नव्हती, मुलींनी ठेवलं तर ती रागावायची. पण बोट काढलं तर ओळ पळून जाईल, आणि मग आपण कशावर रागावलो होतो तेच सापडणार नाही, असं काहीतरी तिला वाटत होतं.

आणि दोनशे बाराव्या पानावर, अवतरणचिन्हांत, तिला तिचंच वाक्य भेटलं. ‘म्हातारी पुनःपुन्हा म्हणत राहिली, तुमची कृपा आम्हाला पुरेशी आहे.’ हे आई कधीच म्हणाली नव्हती. हे जानकी म्हणाली होती, इंग्रजीत, शाळेतल्या धड्यातल्यासारखं नीटनेटकं. निघायच्या आदल्या दिवशी हरीसायबाने मनगटावरचं घड्याळ काढून काशीबाईपुढे धरलं, तेव्हा ती खरं म्हणजे म्हणाली होती, "तेका सांग, आमी काय खानावळ घालूक नाय. घड्याळ ऱ्हवलां तर वाटेत तेका कळतलां तरी, कधी खावचां आणि कधी थांबाचां. नायतर परत कोणाच्या तरी दारात पडतलो मरे." केवढं धारदार आणि केवढं मायेचं बोलणं ते, आणि जानकीने त्याचं काय केलं? वरचे काटे खरवडून, धुऊन, पांढऱ्या बशीत घालून पुढे केलं. तो ऐकेना, त्याने घड्याळ आपल्या हाताने गुरुदासच्या मनगटावर बांधलं. आता पुस्तकात होतं, ‘माझ्या घड्याळावर मुलाचा पहिल्या दिवसापासून डोळा होता. ते दिल्याशिवाय माझी सुटका नाही हे मी ओळखलं.’ आणि त्याच्याच वरच्या ओळीत आईची ती कृपा. आईला कृपा हवी होती म्हणे, त्याची! एकोणीस दिवस जानकीने दोन्हीकडून असंच केलं होतं. तो पेजेची वाटी बघून म्हणाला होता की आमच्याकडे डुकरं याहून बरं खातात. आईने विचारलं, काय म्हणता तो? जानकी म्हणाली, "हलकी आसा म्हणता, पचता म्हणता." त्या दोघांना एकमेकांचं एक अक्षर ऐकू आलं नाही. मधे ही उभी होती, शहाणी, सभ्य, इंग्रजी शिकलेली.

पण खरी ठिणगी त्याहून पुढे होती, दोनशे तेराव्या पानाच्या मध्यावर, आणि ती तिने फक्त एकदाच वाचली, दुसऱ्यांदा वाचायची गरज पडली नाही. ‘घरात एक लाजरी मुलगी होती, तिला इंग्रजीचे चार मोडके शब्द येत. माझ्यावरून तिची नजर हटत नसे. बिचारीला आशा असावी की मी तिला तिथून घेऊन जाईन.’ बस. एवढंच. त्यानंतर आगबोटीचा नाद सोडून तो सायकलने आंबोलीचा घाट चढू लागला होता.

चार मोडके शब्द. ताप उतरल्यावर आठ दिवस रोज संध्याकाळी पडवीत माणसं जमायची, जी तापात फिरकली नव्हती तीसुद्धा, आणि तो भिंतीला टेकून प्रवास सांगायचा, आणि तो प्रवास मालवणीत कोण सांगत होतं? तुर्कस्तानातल्या घाटात बर्फाने ब्रेक गोठले, तेव्हा त्याने बूट जमिनीवर घासत सायकल चार मैल उतरवली, टाच झिजून मोजा दिसायला लागला. इराणात मैलोन्‌मैल मिठाचं वाळवंट, वर पापडासारखी पातळ खपली, चाक गेलं की ती करकर फुटते आणि खाली चिखल; पहाटे थंडीत तेवढी ती घट्ट असते, म्हणून पहाटेच जायचं, सूर्य वर यायच्या आत पलीकडे. एका चहावाल्याने त्याला दोन दिवस ठेवून घेतलं आणि जाताना कॅरिअरला भाकऱ्यांची चळत बांधली. (त्या चहावाल्याबद्दल पुस्तकात काय लिहिलं असेल, हे आता जानकीच्या मनात आलं आणि तिला त्या अनोळखी माणसासाठीही राग आला.) हे सगळं तो तुटक तुटक सांगायचा, दम लागायचा त्याला, बाकीचं ती भरायची. लोक त्याच्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत असत. त्या आठ संध्याकाळी तो रस्ता तिच्या तोंडातून जात होता, बर्फ, मीठ, कुत्री, नाके, सगळं. आणि रात्री जेवायला बसली की तिचे पाय दुखायचे, खरोखर दुखायचे, पॅडल मारल्यासारखे.

आशा. जानकी प्रामाणिक होती, म्हणून तिने स्वतःला विचारलं. शाळेतून घरी येताना विचारलं, भात वेळताना विचारलं, मुलींच्या वह्या पुढे ओढल्या आणि पुन्हा विचारलं. होती का? अठ्ठावीस वर्षांची होते मी. त्याचे डोळे निळे होते, हे मी पाहिलं होतं. नाही कसं पाहणार? पण नजर हटत नव्हती ती कशावरून? ती त्याच्या मागे, माडाला टेकवलेल्या सायकलीवर होती. काळ्या रंगाची, पितळी घंटेची, जागोजाग दोरीने आवळलेली ती सायकल अर्धं जग चालून आली होती आणि तिच्या मडगार्डावर अजून कुठली तरी पिवळी माती होती. एके दिवशी, तो अजून ग्लानीत असताना, जानकीने ती न विचारता घेतली. कोल्हापूरला ट्रेनिंगला असताना होस्टेलच्या अंगणात ती सायकल शिकली होती, पण त्याला सात वर्षं झाली होती. पहाट होती, ओहोटी होती. तिने निऱ्या वर खोचल्या, पुरुषी सायकलीच्या दांड्यावरून पाय कसाबसा पलीकडे टाकला आणि चिवल्याच्या किनाऱ्यावर पाण्याने घट्ट झालेल्या वाळूवरून ती चालवली. आधी चाक वाकडं गेलं, मग सरळ झालं. वाळू चाकाखाली सूं सूं करत होती. वारा दोन्ही कानांतून आत शिरत होता आणि डोक्यात कोणतंच वाक्य नव्हतं, इंग्रजी नाही, मराठी नाही. शेवटच्या खडकांपाशी किनारा संपला तेव्हा ती उतरली आणि रडली, कारण किनारा संपला होता. एवढंच होतं ते. पुढे रस्ता असता तर ती गेली असती, त्या क्षणी, निऱ्या खोचलेल्या तशाच. त्यात तो माणूस कुठे होता? तो पडवीत घोरत होता!

ते आनंदीबाईने पाहिलं. मासळी घ्यायला आली असेल. तिने पाहिलं एवढंच केलं नाही. चार महिन्यांनी देवगडचं जुळत आलेलं स्थळ, आंब्याच्या बागा असलेलं, मुलगा मास्तर, त्यांचा निरोप आला की मुलीचं मन बाहेरचं आहे असं ऐकतो, तेव्हा राहू दे. त्यानंतर आलेल्या एका स्थळाने तर सरळ विचारलं की तो सायब पत्रं पाठवतो का. तो कसली पत्रं पाठवतो! आई त्यावर कधी काही बोलली नाही. साठ साली गेली ती, आणि जाण्याच्या आठवडाभर आधी मात्र एकदा म्हणाली, "तुका त्या सायकलीर बघल्लंय गो मी. माडाच्या मागसून." जानकीने घाबरून विचारलं, "मगे बोललंस कित्याक नाय?" आई म्हणाली, "काय बोलतलंय? बरी चलवत होतंस."

पुस्तक सोमवारी आलं आणि बुधवारी नगर वाचनालयाचा वर्धापनदिन होता. गुरुदासने सोमवारीच वाचनालयाच्या अध्यक्षांना, भाई आचरेकरांना, बातमी दिली. मंगळवारी भाई शाळेच्या फाटकाशी हजर. ते घरात मालवणी बोलत, पण वाचनालयाच्या कामाला निघाले की त्यांची भाषा कोट घालायची. "जानकीबाई, आपल्या गावाचं नाव साता समुद्रापलीकडच्या ग्रंथात आलं, ही सामान्य गोष्ट नव्हे. उद्या त्या भागाचा अनुवाद आपण वाचावा अशी कार्यकारिणीची इच्छा आहे. मामलेदार येणार आहेत."

"भाई, तुम्ही पाहिलंत का पुस्तक?" तिने विचारलं.

"कुठलं? आपल्याकडेच आहे ना एकमेव प्रत! चांगलं चांगलं तेवढं घ्या, म्हणजे झालं."

तिने नाही म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, बघते. आणि संध्याकाळी तिने काय केलं, तर शाळेच्या आखीव कागदावर अनुवाद लिहिला: ‘मालवण नावाच्या रम्य गावी मी आजारी पडलो. तेथील एका मातेने…’ शाई सुंदर उतरत होती. तिचं अक्षर चांगलंच होतं. समोर गुरुदास घड्याळाची काच धोतराच्या टोकाने पुसत बसला होता. सहा वर्षं तो ते रोज पुसत असे, आणि धक्क्यावर कुणी वेळ विचारली की हात लांब करून आधी कंपनीचं नाव दाखवत असे. "बाय," तो म्हणाला, "माझां काय लिवल्यान हा?" जानकीची लेखणी थांबली. "उद्या आयक," ती म्हणाली. सांगवलं नाही तिला. त्याच्या तोंडावरचा तो आनंद तिला बघवेना, आणि मोडवेना. हाच तो जुना रोग, तिने मनात म्हटलं, हेच मी आईचं केलं. कागद मात्र तिने घडी करून पुस्तकात ठेवला.

बुधवारी पाच वाजता वाचनालयाचं दालन भरलं होतं. पुढे खुर्च्यांवर मामलेदार आणि मंडळी, मागे बाकांवर बाकीचा गाव, डाव्या हाताला बायका, त्यांत आनंदीबाई नवं लुगडं नेसून. भाईंनी प्रस्तावना केली. खंड ओलांडणाऱ्या त्या साहसवीराने आपल्या भूमीला नमन केलं, वगैरे. मग जानकी उठली. तिने पुस्तकातून घडी काढली आणि वाचलं, "मालवण नावाच्या रम्य गावी मी आजारी पडलो," आणि टाळ्या पडल्या. कडकडून. मागचे दोघेतिघे उभे राहिले. गुरुदास दाराशी उभा होता, त्याने घड्याळाच्या हाताने टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या ऐकताना जानकीला आधी लाज वाटली, मग ती लाज कुठल्या कुठे गेली. कशासाठी वाजवतायत हे? माझ्या अक्षरासाठी? खोट्यासाठी? आई मेली तेव्हा चार माणसं जमायला दुपार झाली होती. तिने कागद खाली ठेवला. पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून, थेट इंग्रजीतून, पण अनुवादाच्या मराठीत नव्हे, आईला कळली असती त्या बोलीत, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "आयकां. हेनां असां लिवल्यान हा. एका कोळ्यांच्या गावात, तेचां नाव आता माका आठवणां नाय, मी आजारी पडलंय."

दालनात कुणाला कळेना. भाई हसत राहिले, हसू चुकून तोंडावर राहिल्यासारखं. ती वाचत गेली. वासरू वाचलं. मिरच्या वाचल्या. काटक प्रकृती आणि गोळ्या वाचल्या. मामलेदारांनी रुमाल काढला. "बाई," भाई हलक्या आवाजात म्हणाले, "वेळ थोडा आहे, संक्षेप…" तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घड्याळापाशी आली तेव्हाही तिने वाक्य पुरं केलं, डोळा होता, सुटका नाही, सगळं. दाराशी गुरुदासच्या तोंडून कुणी मारल्यासारखा आवाज आला.

"खोटां!" तो ओरडला. "तेनांच बांधल्यान माझ्या हातार! आये नको म्हणत होती! बाय, सांग तेंका!"

"सांगतंय," जानकी म्हणाली. "आधी पुरां वाचूंदे." आणि पान उलटून तिने तेही वाचलं. लाजरी मुलगी. चार मोडके शब्द. नजर. बिचारीला आशा असावी की मी तिला घेऊन जाईन. एक शब्द गाळला नाही, एक मऊ केला नाही. तिने पुस्तक मिटलं नाही. त्यावर तळहात ठेवला, आणि गाव जे सहा वर्षं तिच्या पाठीमागे बोलत आलं होतं त्याचं उत्तर तोंडावर दिलं.

"माका जावचां होतां," ती म्हणाली. "खरां आसा. पण तेच्याबरोबर न्हय."

मग आनंदीबाई उठली. जानकीला वाटलं, आता ही काहीतरी विष ओकणार. पण आनंदीबाई रागाने थरथरत होती, आणि राग होता सायबावर. "मेल्याक पेज मी पण धाडल्लंय! दोनदा! माझां नाव खंय आसा?" तिच्यामागून दुसरी म्हणाली, शहाळी आमच्या माडावरची. मागून कुणी ओरडलं, गाडी माझ्या बापाशीची होती, बैलांक दोन दिस जू लागलां नाय. दालन पेटलं. जो तो उभा राहून आपण काय दिलं ते सांगू लागला; कुणाची चादर, कुणाचा कंदील, कुणाच्या कोंबडीची अंडी. भाई टेबलावर चापट मारत होते. जानकी ऐकत होती, आणि तिच्या लक्षात आलं की यांतलं कुणीही आईचं नाव घेत नाहीय.

"गप ऱ्हवा!" ती ओरडली. वर्गात ती कधीच ओरडत नसे. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "तेव्हा खंय होतास तुमी? ताप उतरल्यार गोष्टी आयकूक इलास. तापात कोण इलां? माझ्या आवशीन तेचां गू-मूत काढल्यान म्हणान आमच्या बावीर येवचां बंद केलास. तिणां कधी बोलान दाखवल्यान? आणि माका किनाऱ्यार सायकलीर बघून देवगडाक कोणी कळवल्यान, तां मी सांगू, की तुमी सांगतास, आनंदीबाय?"

आनंदीबाई तोंडाला पदर लावून खाली बसली. मामलेदार उठून गेले. जानकीने पुस्तक काखेत घेतलं. भाई मधे आले, आणि त्यांच्या भाषेने आज पहिल्यांदा कोट काढून ठेवला. "बाय गो, असां करूचां नाय होतां. गावाची अब्रू गेली."

"गावाचां नावच नाय पुस्तकात, भाई," ती म्हणाली. "अब्रू खंयसून जातली?"

ती आणि गुरुदास रस्त्याला लागली तेव्हा ऊन अजून माडांच्या शेंड्यांवर होतं. गुरुदासने घड्याळ काढून खिशात टाकलं होतं, फाटकातून बाहेर पडताना त्याने ते पुन्हा हातात घेतलं, थोडा वेळ मुठीत धरून चालला, मग म्हणाला, "आये खरांच बोललेली काय, तुमची कृपा पुरे म्हणान? माका आठवणां नाय."

"नाय. तां माझां वाक्य," जानकी म्हणाली. आणि तिने त्याला आईचे खरे शब्द सांगितले, खानावळीपासून परत कुणाच्या दारात पडेपर्यंत, आईच्या हेलात. गुरुदास रस्त्यातच थांबला. तो इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. "तां तू तेका सांगूचां होतां, बाय," तो डोळे पुसत म्हणाला. "तां सांगल्लां आसतां तर तो गावाचां नाव विसरलो नसतो."

शब्द बरोबर जागी लागला होता. ती भरभर चालू लागली. हरीसायबावरचा राग, भाईंवरचा, आनंदीबाईवरचा, सगळे आपापल्या जागी होते, आणि त्यांच्यामागे हा एक, जुना, स्वतःवरचा. चारही एकदम चालत होते तिच्याबरोबर.

घराच्या वळणावर, रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यापाशी गुरुदासने विचारलं, "शेवटाक पोचलो काय तो?"

"खंय?"

"ऑस्ट्रेलियाक गो. जावचां होतां ना तेका."

तिला माहीत नव्हतं. तीन दिवस पुस्तक तिच्याजवळ होतं आणि तिने ती तीन पानं सोडून पुढचं एकही उलटलं नव्हतं. "माका काय करूचां आसा?" ती म्हणाली. पण गुरुदास तसाच उभा राहिला, मान किंचित वाकडी करून, अगदी आईसारखी, आणि तिला कळलं की आई असती तर हा सगळा तमाशा ऐकून तिनेही एवढंच विचारलं असतं. आईवरसुद्धा तिला राग आला त्या क्षणी. तिने पुस्तक कठड्यावर ठेवून शेवटचं पान काढलं, आणि उजेड होता तोवर उभ्यानेच वाचलं. सिडनीत तो पावसात शिरला होता. मागच्या चाकाच्या तीन तारा तुटलेल्या, खिशात दोन बिस्किटं. त्याला घ्यायला कुणी आलेलं नव्हतं.

"पोचलो," जानकी म्हणाली.

"बरां झालां," गुरुदास म्हणाला, आणि घड्याळ मनगटावर बांधून फाटक उघडायला पुढे गेला. जानकी पुस्तक मिटून त्याच्यामागून निघाली. तिचा राग तिळाएवढाही उणा झाला नव्हता, आणि तो उणा व्हावा असं तिला वाटतही नव्हतं.